सेंट बर्नार्ड आणि ग्रेट डेन मुळात कोणत्या कामासाठी पाळत?

राजारामपुरीकर:
सप्रेम नमस्कार. धाकट्या बंधूंनी सेंट बर्नार्डचे पिल्लू आणायचे ठरवले आहे. त्याच्या पूर्वजांना काय काम असे, हे समजल्याशिवाय होकार द्यायला माझे मन धजत नाही. ग्रेट डेनचाही विचार चालू आहे, तरी जाणकारांनी सविस्तर लिहावे.

वाटसरू:
स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, २४६९ मीटर उंचीच्या खिंडीत अकराव्या शतकापासून ख्रिस्ती साधूंची धर्मशाळा आहे. तेथे सतराव्या शतकात सेंट बर्नार्ड कुत्री प्रथम राखणीसाठी आली आणि पुढे धुक्यात वाट काढणे, बर्फाखाली गाडलेला माणूस हुंगून शोधणे हे त्यांचे काम झाले. चाळीसहून अधिक जीव वाचवल्याचे श्रेय ज्याला देतात, तो बॅरी (१८००–१८१४) आजच्या सेंट बर्नार्डहून बराच लहान आणि आखूड केसांचा होता. पुढे न्यूफाउंडलंड जातीशी संकर होऊन लांब केस आले, पण त्या केसांत बर्फाचे गोळे अडकून कुत्री जड होत, म्हणून साधूंनी लांब केसांची पिल्ले खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकली. जे केस बर्फातच अडचणीचे ठरले, ते कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये त्या मुक्या जिवाला किती जड जातील, याचा बंधूंनी कृपया विचार करावा.

पंचगंगाकाठ:
ग्रेट डेनचा डेन्मार्कशी संबंध नावापुरताच. ही जात जर्मनीत घडली. रानडुकराला गाठून शिकारी येईपर्यंत धरून ठेवणे हे तिचे काम, आणि सुळ्यांनी फाटू नयेत म्हणून कान कापण्याची प्रथा त्यातूनच पडली. पुढे ती वाड्यांच्या राखणीला आली.

शिरोळचा शेतकरी:
सुगीनंतर आमच्या रानात धनगर मेंढरे बसवतात. त्यांचे कुत्रे दिवसभर बाभळीखाली पडून असते, पण अंधार पडला की वाघरीच्या (मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या) बाहेर, वाऱ्याकडे तोंड करून बसते आणि लांडग्याचा वास आला तरच उठते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. उंच कुत्रेच हवे असेल, तर सशांच्या शिकारीसाठी जोपासलेले, आखूड केसांचे कारवानी मुधोळकडे मिळते. मात्र त्याला रोज मोकळ्या माळावर पळवावे लागेल.

राजारामपुरीकर:
मनःपूर्वक आभार. केसांची हकिकत बंधूंना वाचून दाखवली. सेंट बर्नार्डचा बेत त्यांनी सोडला आहे. कारवानीला पळवायला पहाटे कोण उठणार, एवढेच आता ठरायचे आहे.