मदत हवी आहे : अख्ख्या शब्दाला एकच खूण, मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. मी देगलूर तालुक्यात शिकवते. सातवीच्या वर्गाला लिप्यांची ओळख करून द्यायची आहे. आपली देवनागरी आवाज लिहिते, पण चिनी लिपीत एक खूण अख्ख्या शब्दासाठी येते, इथं पोरं अडतात.

सुरुवात मी २ या आकड्यानं केली. आमच्याकडं सीमाभाग, त्यामुळं वर्गात कुणी ‘दोन’ म्हणालं, कुणी ‘दो’, तेलुगू घरातली ‘रेंडु’, कन्नड घरातली ‘एरडु’. खूण एकच, अर्थही एकच. मग फळ्यावर चिनी झाड काढलं : एक उभी रेघ, एक आडवी, खाली दोन तिरप्या. चिनी माणूस ते ‘मू’ वाचतो, जपानी ‘की’. तीन झाडं एकत्र काढली की घनदाट रान! पोरं जाम खूश झाली.

अडचण पुढं आहे. बहुतेक चिनी खुणा निव्वळ चित्रं नसतात. त्याच झाडाच्या डावीकडं पाण्याची खूण जोडली की ‘डोकं धुणे’ होतं. तिथं झाड फक्त ‘मू’ हा उच्चार सांगायला उभं असतं. हे बाराव्या वर्षाच्या मुलाला सोपं करून कसं सांगावं?

आणखी एक. जुन्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण हे एक, दोन, तीन उभ्या रेघांनी लिहीत. कुणाकडं आजोबांची कीर्द-खतावणी असेल तर अशा एखाद्या पानाचा फोटो टाकाल का? नावं झाकली तरी चालेल, रेघा स्वच्छ दिसाव्यात. मोडी वाचणाऱ्यांनी सोबत वाचनही लिहावं, ही विनंती.