मदत हवी आहे: फसलेली ट्रायल पिचमध्ये सांगावी का? (विद्यार्थी स्टार्टअप स्पर्धा, फायनल १२ दिवसांवर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांब झालाय पण पूर्ण वाचा प्लीज.

आम्ही चौघं, थर्ड इयर इ अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), सांगली जिल्ह्यातलं कॉलेज. विद्यापीठाच्या राउंडला आमचा पहिला नंबर आला आणि आता मुंबईला फायनल आहे, ५ मिनिटं पिच (म्हणजे परीक्षकांसमोर आपली कल्पना मांडणं) आणि ३ मिनिटं प्रश्न. प्रॉडक्ट बेदाणा शेडसाठी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरतात आणि साधारण पंधरा दिवस वाळवतात. या दिवसांत अवकाळी आला किंवा नुसती हवा दमट झाली तरी माल काळा पडतो, आणि काळ्या मालाला सौद्यात कोण भाव देतंय. आमचं डिव्हाइस रॅकच्या मधल्या मजल्यावर लटकतं, आर्द्रता आणि तापमान बघतं, हवा बिघडायला लागली की शेडमालकाला कॉल जातो, म्हणजे शेडच्या बाजूचे प्लास्टिकचे कागद सोडायला आणि ब्लोअर लावायला वेळ मिळतो. एक सेट आम्हाला ३४०० रुपयांना पडला.

आता खरी अडचण. तीन शेडमध्ये ट्रायल घेतली, दोन ठिकाणी व्यवस्थित चाललं. तिसरं शेड माझ्या मामाचं. तिथे शेजारच्या कोपऱ्यात आधीच्या लॉटला गंधकाची धुरी दिली होती, तो धूर रॅकपर्यंत आला आणि आमचा डीएचटी २२ हा आर्द्रतेचा सेन्सर खराब झाला, पण बंद नाही पडला, ६० टक्क्यांवरच दाखवत राहिला. मार्चमध्ये रात्री पाऊस आला, बाहेरची हवा ओली झाली, डिव्हाइस गप्प आणि मामा आमच्या भरवशावर झोपलेला. पहाटे मी गेले तेव्हा रॅकखालची जमीन ओली होती आणि वरचे मणी हाताला चिकटत होते. जवळजवळ दोन टन माल होता, किलोमागे ७०-७५ रुपये कमी आले म्हणजे दीड लाखाच्या आसपास नुकसान. मामा रागावला नाही, एवढंच म्हणाला की "तुमचं यंत्र राहू दे, पण पुढच्या वेळी तू रात्री एक फोन करत जा." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आम्ही नंतर सेन्सर बदलला, आता दोन लावतो, एक रॅकवर आणि एक बाहेर, दोघांत ठराविक फरक पडला की डिव्हाइस स्वतःच सांगतं की माझ्यावर विश्वास ठेवू नका, येऊन बघा. पण ही नवी रचना अजून एकाही पूर्ण सीझनला चाललेली नाही.

विद्यापीठाच्या राउंडला आम्ही स्लाइडवर "३ शेडमध्ये यशस्वी चाचणी" असं लिहिलं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. टीममधल्या एकाचं म्हणणं आहे की मुंबईत सगळे मोठे आकडे टाकणार, आपण फसलेली गोष्ट सांगितली तर तिथेच संपलो. दुसरं, जजने मार्केट साइझ (एकूण किती गिऱ्हाईक आणि किती पैशांचा धंदा) विचारलं होतं, आम्ही नेटवरून देशातल्या सगळ्या द्राक्षबागांचा आकडा टाकला होता आणि पुढच्याच प्रश्नाला अडकलो.

तर विचारायचंय:
मामाच्या शेडची गोष्ट सांगावी का, आणि सांगायची तर कुठे?
मार्केट साइझ आमच्यासारख्यांनी कसा काढायचा?
आणि जे आधी अशा स्पर्धा जिंकलेत त्यांचं पुढे काय झालं? मागच्या वर्षी एका दुसऱ्या स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस होतं, त्याचा चेक अजून आलेला नाही, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद, कोकणवारा:
मी काही वर्षं अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जातोय. सांग. शेवटी कुणी विचारलं तर असं नाही, दुसऱ्याच मिनिटाला सांग. परीक्षकांसमोर दिवसभरात पंधरावीस टीम येतात, सगळ्यांचं सगळं यशस्वी असतं, त्यात ज्या पोरांना आपलं यंत्र कुठे आणि का खोटं बोललं हे माहीत आहे ती टीम वेगळी ओळखू येते. तुमची खरी शोधलेली गोष्ट आर्द्रता मोजणं नाहीये, ते कुणीही करेल, गंधकाच्या धुरात सेन्सर न बंद पडता खोटा आकडा देतो हे तुम्ही शेडमध्ये राहून शोधलंत. आणि ती "३ शेडमध्ये यशस्वी" स्लाइड आजच काढा, पुढे कुणी पैसे घालायचं ठरवलं तर तो पहिला फोन तुझ्या मामालाच करणार.
स्पर्धेच्या निकालाचं इतकं मनावर घेऊ नका. एमआयटीची विद्यार्थी स्पर्धा १९९० मध्ये १० हजार डॉलरच्या बक्षिसावर सुरू झाली, १९९८ ला त्यात अकामाई या इंटरनेट कंपनीवाले फायनलला पोचले आणि जिंकले नाहीत, पुढच्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात आली.

प्रतिसाद, बेदाणावाला:
कवठेमहांकाळ भागात माझं शेड आहे. मार्केट साइझ वगैरे मला कळत नाही पण तुम्ही हिशोब शेडपासून धरा. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, हे आमचं साधं गणित. एका शेडमध्ये सीझनला किती लॉट निघतात, एक लॉट काळा पडला तर किती जातात, आणि तेवढं वाचवायला माणूस वर्षाला किती देईल, हे दहा शेडवाल्यांना विचारा आणि तोच आकडा मांडा. नुसतं कागद सोडायला उठवणारं कुणी असेल तर मी देईन पैसे, दोन वर्षांपूर्वी माझा पण असाच गेलाय. आणि ताई, धुरी तर आम्ही देणारच, ती बंद करा म्हणून सांगू नका, सेन्सरचं बघा.

प्रतिसाद, दुसरी बॅच:
आम्ही कॉलेजात असताना अशीच एक स्पर्धा जिंकलो होतो त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाबद्दल. बक्षिसाचे पैसे सात महिन्यांनी आले, तेही चार वेळा मेल केल्यावर, त्यामुळे त्या पैशावर काही ठरवू नका, आणि आलेले पैसे चौघांत वाटूनही घेऊ नका, आमच्यात पहिलं भांडण तिथेच झालं. आमच्या खरं उपयोगी पडली ती परीक्षकांतल्या एका बाईंनी करून दिलेली इन्क्युबेटरची (नव्या स्टार्टअपना मदत करणारं केंद्र) ओळख. तिथून निधी प्रयासला अर्ज केला, ती केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना आहे, प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत अनुदान असतं आणि कंपनी काढलेली नसली तरी अर्ज करता येतो. पुढे कंपनी झाली की महाराष्ट्र स्टार्टअप वीककडे पण बघा, २०१८ ला सुरू झाला तेव्हापासून त्यात २४ विजेते निवडतात आणि सुरुवातीच्या वर्षांत विजेत्याला सरकारी खात्याकडून १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर मिळायची. रोख बक्षिसापेक्षा ऑर्डर कधीही चांगली, कारण तिथे कुणीतरी तुमची वस्तू खरंच वापरून बघतं.
एक महत्त्वाचं. दोन सेन्सरच्या फरकावरून बिघाड ओळखायची रचना पोस्टरवर किंवा आविष्कारमध्ये (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) कुठे लावली आहे का? नसेल लावली तर स्टेजवर दाखवायच्या आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) पेटंट अर्ज टाका. व्यक्तीच्या नावावर ऑनलाइन फी १६०० रुपये आहे, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आपल्याकडे एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं असंच धरून चाला, अपवाद आहेत पण मोजकेच. कॉलेजची लॅब वापरली असेल तर कॉलेजचा नियम काय आहे तो आधी लेखी विचारून घ्या, नंतर नावावरून फार मनस्ताप होतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आविष्कारला पोस्टर होतं पण त्यात जुनी एका सेन्सरचीच रचना होती, नवी कुठेच दाखवलेली नाही, उद्या मॅडमशी बोलून अर्जाचं बघते. टीमला हा धागा वाचायला दिला, दोघं लगेच तयार झाले, एकजण अजून नाही म्हणतोय, त्याला घेऊन रविवारी शेडवाल्यांकडे जातोय, सहा जणांशी बोलणं झालंय.
अजून एक, डिव्हाइस स्टेजवर नेऊ का? टेबल मिळणार आहे की नाही ते त्यांनी कळवलेलं नाही.

प्रतिसाद, कोकणवारा:
ने, आणि तो खराब झालेला जुना सेन्सर पण ने. टेबल नसलं तरी चालेल, हातात धरता येतील अशा दोन डब्या कर, एकीत चांगला माल, दुसरीत मामाचा काळा. बोलायला सुरुवात करायच्या आधी दोन्ही डब्या परीक्षकांच्या हातात दे.

धागाकर्ती:
काळा माल मामाने सगळा विकला नव्हता, अर्धी पेटी घरात आहे म्हणाला. एसटीने पाठवतोय.