दाण्यांची संख्या फुटते कशी

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, मग प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट, असे ६४ घरांतले एकूण दाणे म्हणजे नुसता अवाढव्य आकडा, त्यात बघण्यासारखं काही नाही, असं म्हणतात; ते मला पटलं नाही. १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही दाण्यांची संख्या २ च्या ६४ व्या घातापेक्षा १ ने कमी. म्हणून वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र पुन्हापुन्हा लावलं की ती फुटते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. पहिले पाचही अवयव मूळ संख्या. सहावाही मूळच, असं फ्रेंच गणिती फर्माला वाटायचं. गणिती ऑयलरने १७३२ मध्ये त्याला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं.

इंदूरला रामबागेत माझ्याकडे गणिताला येणारी पोरं हा भागाकार कागदावर करतात (उत्तर ६७००४१७, बाकी शून्य). पण ६४१ च का? या सहाव्याचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने जास्तच असावा लागतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पाचवाच ६४१. कॅल्क्युलेटर कशाला हवा!