आधी खेळी कोणाची?

‘सगळ्यांनी एकदम खेळायचं ठरवलं की ज्याचं नेट वेगवान तोच जिंकतो,’ असं आळीपाळीने खेळायच्या स्ट्रॅटेजी गेम्सबद्दल कोणीतरी म्हटलंय. अर्धंच खरं आहे. सिव्हिलायझेशन ५ या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये ज्याचं क्लिक आधी पोचेल त्याचा हल्ला आधी, हे बरोबर. पण खरी मेख टर्न, म्हणजे खेळाची फेरी, बदलताना असते.

परवाच्या गेममध्ये मावसभावाने टर्न संपायला दोनेक सेकंद उरले असताना घोडेस्वार माझ्या शहराजवळ आणून ठेवले, आणि नवी टर्न सुरू होताच त्यांनीच माझे धनुर्धारी कापले. कागदोपत्री दोन वेगळ्या टर्न, प्रत्यक्षात लागोपाठ दोन खेळ्या. माझ्या हातात अजून चहाचा कप!

फ्रीसिव्ह या तशाच मोफत गेममध्ये यावर ‘युनिटवेटटाइम’ नावाची सेटिंग आहे. टर्नच्या शेवटी हललेलं युनिट (सैन्याची तुकडी वगैरे) ठरावीक सेकंद उलटल्याशिवाय नव्या टर्नमध्ये हलत नाही. सिव्हिलायझेशन ५ चा हायब्रिड मोडही बरा: शांतता असेल तर सगळे एकदम, युद्धात असलेले आळीपाळीने.

मला विचाराल तर सगळ्यात स्वच्छ पद्धत डिप्लोमसी या सात जणांच्या बोर्डगेमची. सातही जण आपापल्या सैन्यांचे हुकूम गुपचूप लिहितात आणि ते एकदमच उघडतात. सारख्या ताकदीच्या दोन सैन्यांनी एकाच प्रांतावर चाल केली तर दोन्ही जागच्या जागी. ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरत नाही. ऑनलाइन २४ तासांची मुदत ठेवली की अमेरिकेतला मित्रही झोप न मोडता खेळतो. हुकूम द्यायला विसरला, तर मात्र त्याची सैन्यं नुसती उभी.