अनुभव धागा: कधीच खेळणार नाही, तरी जीव अडकलेला व्हिडिओ गेम

टिळकवाडी (धागा सुरू करतोय)

बेळगावात प्लेस्टेशन टू तासाच्या भाड्यानं खेळायला मिळायचा, तेव्हाची गोष्ट. कॉलेजजवळच्या बोळात एक पार्लर होतं. तीन टीव्ही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पावसाळ्यात दारात ओल्या चपलांचा ढीग. बहुतेक पोरं क्रिकेट नाहीतर फुटबॉल लावून बसायची. एक मुलगा मात्र कोपऱ्यातल्या टीव्हीवर रोज 'शॅडो ऑफ द कोलॉसस' लावायचा. मी त्याच्या मागं उभा राहून बघायचो.

२००५ चा खेळ, फुमितो उएदा या जपानी माणसानं केलेला. एक पोरगा, एक घोडा आणि मैलोन् मैल मोकळं रान. वाटेत बारीकसारीक शत्रू नाहीत, गाव नाही, बाजार नाही. फक्त १६ राक्षस, एकेक टेकडीएवढा. तलवार उन्हात धरली की तिच्यावरचं ऊन एका दिशेला गोळा होतं, तिकडं घोडा हाकायचा. राक्षस सापडला की त्याच्या अंगावरच्या केसांना धरून वर चढायचं आणि वर्माच्या जागी तलवार खुपसायची.

पहिला राक्षस पडला तो दिवस मला अजून आठवतो. सावकाश, गुडघ्यातून ढासळत गेला, जखमेतून काळं काहीतरी उसळलं, आणि विजयाचं संगीत वाजायच्या ऐवजी एकदम कुणी गेल्यासारखं संगीत सुरू झालं. त्यानं त्या पोराचं काही वाकडं केलं नव्हतं. पार्लरमध्ये त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

२०१८ साली हा खेळ नव्यानं करून प्लेस्टेशन फोरवर आला. भाच्यानं घेतला, माझ्या हातात कंट्रोलर दिला, "मामा, तुमचाच खेळ की हा, घ्या." मी परत दिला. बघायला मी रात्रभर बसेन. ती तलवार माझ्या हातानं मला खुपसायची नाही.

तुमचा असा खेळ कुठला? पैशामुळं राहिलेले नकोत, पैसे उद्या येतील. आपण हा कधी खेळणार नाही हे मनात पक्कं आहे आणि तरी ज्याचं कौतुक सरत नाही, तो सांगा. खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळ्यांनी लिहा. आणि का खेळणार नाही, ते नक्की लिहा.

उद्यमबाग

मी ओतकामात आहे. माझा खेळ 'ड्वार्फ फोर्ट्रेस'.

टार्न आणि झॅक ॲडम्स हे दोघे भाऊ २००२ पासून तो करताहेत. २००६ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हातात दिला, तोही फुकट. चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं आणि चिन्हं. बुटक्या माणसांची टोळी डोंगरात घुसते, खणते, किल्ला वसवते, आणि पुढं काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक बुटक्याला स्वभाव आहे, आवडनिवड आहे, दुःख आहे.

मला तो कसा भेटला ते सांगतो. रात्रपाळीत भट्टी तापेपर्यंत वेळ असतो. फोनवर कुणीतरी लिहिलेलं वाचत होतो, या खेळात पोलाद कसं करायचं. आधी खनिज शोधायचं, हेमटाईट, लिमोनाईट नाहीतर मॅग्नेटाईट. ते गाळून लोखंड. त्यातल्या काही लोखंडात चुनखडी आणि कोळसा घालून बीड, म्हणजे ठिसूळ कच्चं लोखंड. मग लोखंड, बीड, परत चुनखडी, परत कोळसा, तेव्हा पोलाद. मी ते तीनदा वाचलं. आमच्या जुन्या कपोला भट्टीत चुनखडी का टाकायची, हे मला माझ्या उस्तादानं दोन वर्षांनी सांगितलं होतं. स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची मळी, पातळ होऊन सुटावी म्हणून. आणि इथं दोन भावांनी घरात बसून एका खेळात चुनखडी ठेवली होती! ती नसती ठेवली तरी कुणाला कळलं असतं?

मांजरांची गोष्टपण सांगायला पाहिजे. एकदा खेळातली मांजरं पटापट मरायला लागली. शोधल्यावर कळलं, दारूच्या गुत्त्यात बुटके दारू सांडायचे, मांजरं त्यातून चालायची, मग पंजे चाटायची. हिशेबात चूक एवढीच होती की एका चाटण्याला अख्खा पेला धरला जायचा. मांजर पंजा चाटतं हे मुळात कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून ती चूक तरी झाली.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये चित्रांसकट आला. मी घेतला नाही. बारा तास भट्टीसमोर उभं राहून आल्यावर परत दुसरी भट्टी पेटवायला अंगात काही उरत नाही, आणि अर्धवट मनानं तो खेळणं मला पटत नाही. लोकांनी आपापल्या किल्ल्यांच्या हकिकती लिहिलेल्या असतात, त्या वाचतो. पूर आला, राणी वेडी झाली, शेवटचा बुटका एकटा दार लावून बसला. पाळी संपेपर्यंत पुरतात.

निपाणी

'ईव्ह ऑनलाईन'. आइसलँडमधल्या कंपनीचा, २००३ पासून चालू आहे. अंतराळ, जहाजं, व्यापार, आणि हजारो माणसं एकाच विश्वात.

मी पतसंस्थेत आहे, वसुलीच्या टेबलावर. म्हणून मला यातली एकच गोष्ट सांगायची आहे. २७ जानेवारी २०१४. एका गटाच्या ताब्यातल्या तारामंडळाचं भाडं भरायचं राहिलं. ताबा सुटला, शत्रू धावून आले आणि जवळजवळ २१ तास लढाई चालली. टायटन नावाची सगळ्यात मोठी जहाजं असतात, एकेक बांधायला महिने जातात, तसली ७५ एका दिवसात गेली. खऱ्या पैशात नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात धरतात. इतकी गर्दी झाली की यंत्रणा कोलमडू नये म्हणून खेळातला काळच दहापट हळू केला होता.

एक हप्ता. मी हप्ता चुकलेल्या माणसांचे चेहरे रोज बघते. कुणी मुद्दाम चुकवत नाही बहुतेक वेळा, घरात आजारपण असतं, नाहीतर तारीखच डोक्यातून जाते. त्या गटात ज्याच्याकडं भाडं भरायचं काम होतं, त्याला त्या रात्री कसं वाटलं असेल, हे मनातून जात नाही.

मी खेळणार नाही. त्या खेळात माणसं तुमच्यावर अवलंबून असतात, रात्री-बेरात्री हाक आली की जायला लागतं. माझ्यावर अवलंबून असलेली माणसं घरात आहेत.

संकेश्वर

'स्टील बटालियन', २००२, पहिल्या एक्सबॉक्सचा. त्याच्याबरोबर सुमारे चाळीस बटणांचं अख्खं पॅनेल यायचं, दोन दांडे आणि पायात तीन पेडल. यंत्रमानव चालवायचा, पण आधी सगळी बटणं ओळीनं दाबून तो सुरू करायला लागतो. आणि यंत्र फुटायच्या आत बाहेर पडायचं बटण दाबलं नाही तर तुमचा ड्रायव्हर मेला, जपून ठेवलेला खेळ सगळा पुसला जातो. मी उसाचा ट्रॅक्टर चालवतो, मागं दोन ट्रॉल्या. चुकलं तर चुकलं, परत नाही, हे मानणारा खेळ मला बरोबर वाटतो. ते पॅनेल आता कुठं मिळायचं? फोटो मात्र फोनमध्ये आहे.

सांबरा

आमच्या घरावरून विमानं जातात. इथली धावपट्टी इंग्रजांनी १९४२ मध्ये केली, आमचे आज्जा तेव्हाच्या गोष्टी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या सांगतात.

२०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा 'फ्लाइट सिम्युलेटर' आला. उपग्रहाच्या फोटोंवरून सगळी पृथ्वी उभी केलेली आहे. डिस्कवर घ्यायचा म्हटलं तर दहा डीव्हीडी, आणि तरी उडताना बाकीचं नेटवरून ओढत राहतो. पुण्याच्या चुलतभावानं सांबऱ्यावरून उडून त्याचा व्हिडिओ करून पाठवला. आज्जांना दाखवला.

आज्जा चष्मा लावून बसले. गाव आलं, रस्ता आला, आमचा मळा आला. बांधाची वाकडी रेघ जशीच्या तशी. आज्जा म्हणाले, "थांब गा. मागं घे." मागं घेतलं. "चिंच कुठाय?" चिंच नव्हती. घरं आणि झाडं कॉम्प्युटर फोटो बघून अंदाजानं उभी करतो, चिंचेच्या जागी त्यानं दुसरीच दोन झाडं लावली होती. लक्ष्मीच्या देवळाचं साधं घर झालं होतं. आज्जांनी बोटानं स्क्रीनवर दाखवलं, "इथं पाहिजे." मग विहिरीची जागा दाखवली, मग विकलेल्या तुकड्याची. दीड मिनिटाचा व्हिडिओ बघायला आम्हाला पाऊण तास लागला.

भाऊ म्हणतो सुट्टीत ये, माझ्या मशीनवर चालव. मला उंचीची घेरी येते, व्हिडिओ बघतानासुद्धा टेबल धरून बसतो. आज्जांना काही होत नाही. परवा विचारत होते, पाऊस पडल्यावर परत एकदा काढून पाठवतोय का विचार.

उद्यमबाग

सांबरेकर, आज्जांना नमस्कार सांगा. त्या दोघा भावांनी चुनखडी ठेवली तशी कुणीतरी तुमची चिंच ठेवायला पाहिजे होती.

चिकोडी

'हाफ-लाइफ: ॲलिक्स'. २०२० चा, डोळ्यांवर उपकरण चढवूनच खेळायचा. मला लहानपणापासून एकाच डोळ्यानं दिसतं. वस्तू जवळ येते, हात पुढं करून उचलता येते, असं लोक लिहितात. तेवढंच वाचतो आणि ठेवून देतो.

शहापूर

माझं रिपेअरीचं दुकान आहे. 'पी.टी.' नावाचा खेळ होता, ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन फोरवर फुकट आला. एक घर, एक काटकोनात वळणारा बोळ, शेवटचं दार उघडलं की परत तोच बोळ. दर वेळी काहीतरी बदललेलं. हिदेओ कोजिमाच्या मोठ्या भयपट खेळाची ती चुणूक होती. मोठा खेळ रद्द झाला, आणि २०१५ च्या एप्रिलअखेर हाही स्टोअरवरून काढला. ज्यांच्या मशीनमध्ये राहिला त्यांच्याकडंच राहिला.

दोन वर्षांमागं एक गिऱ्हाईक मशीन घेऊन आला. पंखा आवाज करायला होता. जाताना म्हणाला, "हार्डडिस्कला हात लावू नका हं, काही झालं तरी." पंखा काढला, धूळ झाडली, पेस्ट बदलली आणि चालू करून बघितलं. यादीत खाली पी.टी. होता.

दुकानात मी एकटा. शटर अर्धं खाली. कर्सर त्याच्यावर नेला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल वाचलं तो एका बटणावर होता. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. पण त्यानं विश्वासानं दिलेली वस्तू होती, आणि आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या मशीनमधलं उघडायचं नाही हे वडिलांनी घालून दिलेलं आहे. बंद केलं, वायर गुंडाळली. तो न्यायला आला तेव्हा सांगितलं, "जपा, आता मिळत नाही." त्याचा चेहरा फुलला. बराच वेळ उभा राहून त्या बोळाबद्दल सांगत होता.

खानापूर

मी मराठी शाळेत शिकवते. माझा खेळ 'डिस्को इलिझियम', २०१९ चा. एक पोलीस स्वतःचं नावसुद्धा विसरून जागा होतो आणि खुनाचा तपास करतो. मारामारी जवळजवळ नाहीच, सगळं बोलणं. त्याच्या डोक्यातले २४ स्वभाव त्याच्याशी बोलतात, भांडतात, चुकीचा सल्ला देतात. दहा लाखांहून जास्त शब्द आहेत त्यात, आणि मराठी त्याच्या भाषांमध्ये नाही.

इंग्रजी मला येतं. कागद वाचायला, अर्ज करायला पुरेल एवढं. पण ज्या खेळात एका शब्दाच्या तिरकेपणावर सगळं फिरतं, तिथं दर वाक्याला शब्दकोश उघडून मी त्याच्या उंबऱ्यावरच राहीन. आमच्याकडं दुकानात एक भाषा, दाखल्यावर दुसरी, घरात तिसरी वळणाची. कुठली भाषा पोटातून येते आणि कुठली डोक्यातून, हे इथल्या मुलाला लवकर कळतं. हा खेळ मला पोटातून खेळायचा होता. कधीतरी एखादा प्रसंग घेते, वहीत मराठी करते. पहिल्याच पानावरचा अंधाराशी होणारा संवाद माझ्या वहीत आहे, चारदा खोडून लिहिलेला.

टिळकवाडी

बाई, ते पान इथं लिहाल काय? सगळं नको. जेवढं जमलंय तेवढं.

हिंडलगा

माझा 'आउटर वाइल्ड्स', तोपण २०१९ चा. छोटीशी सूर्यमाला, तुम्ही जहाज घेऊन फिरता, आणि २२ मिनिटांनी सूर्य फुटतो. परत पहिल्यापासून. हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही. फक्त तुम्हाला काय कळलंय तेवढं शिल्लक राहतं. म्हणून ज्याला एकदा कळलं, त्याचा तो खेळ संपला.

दादा बेंगळूरला कामाला. लॉकडाऊनमध्ये तिकडंच अडकला होता. रोज रात्री जेवणं झाली की व्हिडिओ कॉल लावून फोन लॅपटॉपसमोर ठेवायचा आणि खेळायचा. मी इकडं वही घेऊन बसायची. कुठल्या भिंतीवर काय लिहिलंय, कुठला ग्रह वाळूनं कधी भरतो, सगळं माझ्या वहीत. तो अडला की मी मागची पानं उलटून सांगायची. आई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणायची, "सूर्य फुटला काय गं? मग मी झोपतो."

शेवटी सगळे प्रवासी शेकोटीभोवती बसतात आणि आपापलं वाद्य वाजवतात. तेव्हा आमच्याकडं लाईट गेली होती. अंधारात फोनचा तेवढा उजेड, आई माझ्या मागं उभी, आणि तिकडं दादा काहीच बोलत नव्हता.

मी तो खेळ आता कधीच खेळू शकत नाही, मला सगळं माहीत आहे. पुढच्या महिन्यात तो सुट्टीला येतोय, लॅपटॉप आणतो म्हणालाय. मी सांगितलंय, आण, पण दोघांनाही माहीत नसलेला कुठला तरी खेळ आण. नवी वही घेऊन ठेवली आहे.