रोपं आणि दाबलेल्या फुलांची कार्डं विकून जोडउत्पन्न: सुरुवात कशी करावी?

पागोळी:
गच्चीवर साधारण १५० चौरस फूट जागा आहे, सकाळचं चारेक तास ऊन येतं. आठवड्याला ८-१० तास देता येतील. छाट लावून तयार केलेली रोपं आणि फुलं-पानं दाबून केलेली भेटकार्डं विकायचा विचार आहे. बागकाम मुळात डोकं शांत राहावं म्हणून सुरू आहे, ते ऑर्डरींच्या घाईत हरवायला नको. कोणत्या झाडांपासून सुरुवात करावी? दाबलेली फुलं तपकिरी का पडतात? आणि किंमत काढायची कशी? जाणकारांनी सांगावं.

शेंडाखुडी:
एवढ्या उन्हात मनी प्लँट, कोलियस, स्पायडर प्लँट, जेड, स्नेक प्लँट हे सगळं होईल. पण पहिले सहा महिने तीनच जाती धरा. जास्त जाती म्हणजे प्रत्येकीच्या पाण्याचं वेगळं तंत्र, आणि रोपं मरतात ती याच गोंधळात.

मनी प्लँटचा काप पेराच्या (खोडावर पान फुटतं त्या सांध्याच्या) सेंटीमीटरभर खाली घ्या आणि छाट पाण्यात ठेवा. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात हिरवं राहतं, कधी मुळंही धरतं, पण त्याला फुटवा येत नाही. मुळं ३-५ सेंमी झाली की लगेच मातीत हलवा. पाण्यात वाढलेली लांब मुळं लावताना मोडतात आणि रोप आठवडाभर मान टाकून बसतं.

जेडची छाट ३-५ दिवस सावलीत सुकवा. कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरली की मगच लावा, नाहीतर तिथूनच कुजते. स्नेक प्लँटच्या पानाचे ७-८ सेंमीचे तुकडे करता येतात, मात्र खालची बाजू खालीच हवी. उलटा खोचलेला तुकडा मुळं धरत नाही, म्हणून कापतानाच खालच्या टोकाला तिरका छेद द्या, म्हणजे गल्लत होत नाही. पिवळ्या कडेची जात पानापासून कधीच करू नका, येणारी पिल्लं साधी हिरवी निघतात. ती जात गड्डा विभागूनच वाढवायची. अशी रोपं 'पिवळी कड' म्हणून विकली तर गिऱ्हाईक परत येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

मिश्रण: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पर्लाइट (पांढरे हलके खनिज दाणे) किंवा जाड वाळू. खत नको, मुळं धरेपर्यंत त्याचा उपयोग नसतो. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन पिळा, त्यात क्षार राहिलेले असू शकतात. खोड बुडाशी काळं, मऊ पडलं तर पाणी जास्त झालंय किंवा ब्लेड अस्वच्छ होतं. दर झाडानंतर ब्लेड स्पिरिटनं पुसत जा.

मुळं धरली का ते बघायला छाट दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढा. माती धरून ठेवतेय असं जाणवलं तर रोप लागलं. तरी त्या दिवशी विकू नका. कुंडीत ३-४ आठवडे जाऊन एक नवं पान उलगडू द्या.

काही नव्या जातींवर पैदासकाराचा नोंदणीकृत हक्क असतो, त्या विक्रीसाठी वाढवता येत नाहीत. मूळ झाडाचं लेबल जपून ठेवा. मनी प्लँट आणि डिफेनबाकिया चावल्यास तोंडाची आग होते, तेव्हा 'मुलं व पाळीव प्राण्यांपासून दूर' ही चिठ्ठी रोपाला लावाच.

रानजुई:
फुलांबद्दल. पाकळीतलं पाणी जितकं हळू निघेल तितका तपकिरीपणा जास्त. म्हणून दव उडाल्यावर, पण ऊन कडक व्हायच्या आत खुडा आणि तासाभरात दाबा. पातळ फुलं घ्या: पँझी, वर्बेना, कॉसमॉस, शिवाय नेच्याची पानं. जाड देठाचं फूल हवंच असेल तर मागचा फुगीर भाग धारदार ब्लेडनं तासून घ्या. तो राहिला की कागद तिथे टेकत नाही आणि पाकळ्या मधून सुरकुततात.

टिपकागद पहिल्यांदा २४ तासांनी बदला, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. चुकतं ते इथेच: एकदा पुस्तकात ठेवून तीन आठवडे विसरून जायचं. ओला कागद तसाच राहिला की बुरशी ठरलेली. स्वयंपाकघरातला टिश्यू वापरू नका, त्याची नक्षी पाकळीवर उमटते. दोन-तीन आठवड्यांनी पाकळी ओठाला लावून बघा. गार लागली तर अजून ओल आहे. कागदासारखी निर्जीव लागली तर काढा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

चिकटवताना गोंदात पाणी घालू नका, कार्ड वाकतं. टाचणीच्या टोकानं मधोमध आणि पाकळ्यांच्या बुडाशी बारीक ठिपके पुरतात. लाल रंग बहुधा काळपटतो, पिवळा-केशरी बरा टिकतो, पण उन्हात सगळेच फिकटतात. कार्डामागे तसं लिहा. रेझिनच्या वस्तू सध्या तरी नकोत. न वाळलेलं रेझिन कातडीला लागून कायमची अॅलर्जी होऊ शकते. त्याला नायट्राइलचे हातमोजे आणि खेळती हवा लागतेच, आणि फुलात जराशी ओल असली तर ते आतल्या आत तपकिरी पडतं.

रानातलं खुडू नका. छाटणीतलं, गळालेलं आणि स्वतःच्या कुंडीतलं भरपूर होतं.

तागडी:
किंमत काढताना मर धरा. २० छाटांतल्या १५ विकण्याजोग्या झाल्या तर माती, कुंड्या, वेळ या सगळ्याला १५ नं भागायचं, २० नं नाही. भरणं, पाणी, फोटो, निरोपांना उत्तरं, बांधणी धरून ४ तास गेले तर एका रोपामागे १६ मिनिटं पडली. तुमच्या तासाचा दर यात बसत नसेल तर ती जात सोडा, दर पाडू नका.

शांततेचं म्हणाल तर आगाऊ ऑर्डर घेऊच नका. महिन्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी जे तयार असेल तेवढंच विकायचं. चार कुंड्या अशा ठेवा ज्यांचा फोटोही काढायचा नाही आणि ज्या विकायच्याही नाहीत. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत, आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. पण त्यात घरच्या बागेतला वेळ धरलेला नव्हता! म्हणून रिकाम्या हातानं बाहेर फिरणं वेगळं ठेवा, पिशवी न घेता.

शरीरही सांभाळा. टेबल कोपराच्या उंचीचं हवं आणि दर अर्ध्या तासानं काम बदला: छाटणी, मग लेबलं, मग पाणी. मिश्रणाची पिशवी तोंडाजवळ धरून फोडू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा. त्या धुळीतले काही जिवाणू फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

पागोळी:
सगळ्यांचे आभार. एका ओळखीच्यांनी १० दिवसांत ५० कार्डं मागितली आहेत. हो म्हणू का?

रानजुई:
नका म्हणू. एका कार्डाला तीन-चार फुलं धरली तरी दाबून तयार १५०-२०० फुलं हवीत, आणि ती आज खुडली तर तीन आठवड्यांनी हाती येतील. डब्यात आत्ता चांगली किती आहेत ते मोजा, चारनं भागा, त्यातून दोन कार्डं खराब होतील म्हणून वजा करा आणि तेवढाच आकडा त्यांना कळवा.