रस्त्यावर पोलिसाचा अधिकार कंपनीच्या माणसाने वापरला, असा आपला अनुभव लिहा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार चालकाने आपला परवाना गणवेशातील पोलिसाला दाखवायचा असतो, आणि कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्याची परवानगीही गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायची असते. मुंबई-पुण्यात टोइंगची गाडी आणि तिच्यावरची माणसे मात्र कंत्राटदाराची असल्याचे आपण पाहतो. वाहन उचलण्याचे कष्टाचे काम कंत्राटाने देण्यात मला गैर वाटत नाही. कोणते वाहन उचलायचे हेही तीच माणसे ठरवू लागली, तर तो अधिकार आपण त्यांना कधी दिला, असा प्रश्न उरतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला आई तान्ह्या बाळाला घेऊन मोटारीत बसलेली असताना ती मोटार ओढून नेण्यात आली, तेव्हा हवालदाराचे निलंबन झाले होते. आपल्या बाबतीत समोर पोलीस होता की कंपनीचा माणूस, एवढे प्रत्येकाने नेमके लिहावे. कंपन्यांची आणि व्यक्तींची नावे टाळावीत.

पुणे, शिक्षिका
लक्ष्मी रस्त्यालगतच्या गल्लीत माझी स्कूटर पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभी होती. हँडल लॉक केलेले असल्यामुळे दोन मुलांनी ती मागून उचलली आणि पुढचे चाक फरफटत व्हॅनपर्यंत नेली. त्यात मडगार्डला तडा गेला. मी पट्टा दाखवला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, साहेबांशी बोला." साहेब केबिनमध्ये बसून होते. त्यांनी खाली उतरून पट्टा पाहिला नाही, फक्त चौकीवर यायला सांगितले. पावतीवर दंड आणि टोइंगचा आकार वेगवेगळा लिहिलेला होता, पण मडगार्डची भरपाई कोणाकडे मागायची, हे चौकीतही कोणी सांगितले नाही.

ठाणे, टोइंग व्हॅनवर पूर्वी काम केलेला
आम्हा मुलांना लोक शिव्या देतात, म्हणून लिहितो. आम्हाला रोजंदारी मिळत असे, पण मालकाला वाहनामागे पैसे मिळत, त्यामुळे संध्याकाळपर्यंत आकडा गाठण्याची घाई असे. दुचाकी झटपट उचलता येते आणि व्हॅनमध्ये एकावेळी बऱ्याच मावतात. सिग्नलच्या तोंडाशी आडवी लावलेली मोठी मोटार, जिच्यामुळे खरी कोंडी होते, ती ओढायला वेळ लागतो, म्हणून ती सोडून आम्ही पुढे जात असू. व्हॅनवर हवालदार असत, परंतु कोणत्या वाहनाला हात घालायचा हे बहुतेक वेळा आमचा मुकादमच ठरवत असे. वाहनामागे पैसे देणे बंद झाल्याशिवाय यात फरक पडणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

नाशिक, शेतकरी
माझ्या मुलाला मोटारसायकलच्या थकलेल्या हप्त्यांसाठी महामार्गावर चौघांनी अडवले आणि किल्ली काढून घेतली. गणवेश नव्हता, ओळखपत्र नव्हते, तरी त्यांची भाषा फौजदाराची होती. हप्ते थकले होते, हे मी नाकारत नाही. परंतु कर्जवसुलीसाठी गुंडांचा वापर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे, आणि बळजबरीने वाहने ओढून नेणे बेकायदा असल्याचे पाटणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो, तर हा तुमचा आणि फायनान्सवाल्यांचा व्यवहार आहे, असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले.

बेंगळुरू, मूळ कोल्हापूर
येथे तक्रारी वाढल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये टोइंग थांबवण्यात आले. आमच्या रस्त्यावरच्या रुग्णालयासमोर त्यानंतर दुहेरी रांगेत मोटारी उभ्या राहू लागल्या आणि रुग्णवाहिकेला वाट मिळेना, म्हणून टोइंग नकोच, असे मी म्हणणार नाही. पोलिसाने खाली उतरावे, वाहनाचा आहे त्या जागी फोटो घ्यावा, मालक तेथेच आला तर दंड घेऊन वाहन सोडावे, आणि नुकसान झाल्यास कंत्राटदाराने भरून द्यावे, एवढे पावतीवरच छापलेले असावे.